बळकट पोलाद व त्याचा सांधा

पोलाद हा शब्द आपल्या इतका नित्याच्या वापरांतला झाला आहे, कीं सर्व पोलाद एकाच जातीचें असतें अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक खिडकीचे गज, रेल्वेचे रूळ, दाढीचें पातें आणि बंदरावरील यारीचा लांब हात हीं सर्व पोलादाचींच असलीं तरी त्यांच्या गुणांत महदंतर असतें. यांपैकीं बळकट मिश्र पोलादाचे जे जाड पत्रे पूल, याऱ्या व खाणींतील अवजड गाड्या यांसाठीं वापरतात, त्यांचा विशेष कोणता, आणि ते एकमेकांस वेल्डिंगनें जोडतांना एवढी काळजी कां घ्यावी लागते, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बळाचा विचार करूं. साध्या पोलादाची एक चौरस सेंटिमीटर छेदाची पट्टी टांगून तिला वजन लावीत गेल्यास सुमारें २.५ टनांपर्यंत ती किंचित् ताणली, तरी भार काढतांच पूर्ववत् होते; त्यापुढें मात्र ती कायमची लांबते. उत्तम मिश्र पोलादाची तेवढीच पट्टी सुमारें ७ टनांपर्यंत भार सहन करून पूर्ववत् होऊं शकते. अर्थात् त्याच कामास पातळ पत्रा पुरतो, यंत्राचें स्वतःचें ओझें घटतें, आणि यारीस तेंच बळ माल उचलण्याकडे लावितां येतें.

हें बळ येतें कोठून? गांवच्या लोहाराचें काम ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें समजण्यास कठीण पडूं नये. छिन्नी घडविल्यावर लोहार तिचें टोंक लाल तापवून पाण्यांत बुडवितो. यासच 'पाणी देणें' म्हणतात. त्या योगें टोंक कठीण होतें, पण ठिसूळहि होतें. म्हणून तो त्यास पुन्हां थोडी ऊब लागूं देतो व पोलादावर चढणारा पिवळसर रंग पाहून योग्य वेळीं ती थांबवितो. मोठ्या कारखान्यांतहि तत्त्व हेंच. कर्बाचें प्रमाण शेंकडा ०.२ च्या आसपास ठेवून पोलादांत मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम यांसारख्या धातूंची अल्प भर घालतात. पत्रा सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून पाण्याच्या माऱ्यानें एकदम थंड करितात. आणि नंतर तो पुन्हां सुमारें ६०० अंशांपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा काढितात. पहिल्या क्रियेनें काठिण्य येतें, दुसरीनें चिवटपणा येतो. दोहोंचा मेळ म्हणजेच हें पोलाद होय.

आतां सांध्याकडे वळूं. वेल्डिंग करितांना विजेच्या प्रखर ज्योतीनें कांडी व पत्र्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. सांध्यालगतची कांहीं मिलिमीटर रुंदीची पट्टी वितळत नाहीं, तरी तांबडी लाल होते. भोंवतालचा जाड, थंड पत्रा तिची उष्णता क्षणांत शोषून घेतो. हें एक प्रकारें न मागतां दिलेलें पाणीच झालें! लोहार पाण्यानंतर ऊब देतो; येथें ती कोणी देत नाहीं. म्हणून ती अरुंद पट्टी अतिशय कठीण व ठिसूळ होऊन बसते. पत्रा जितका जाड, व पोलादांत कर्ब व इतर धातू जितके अधिक, तितका हा धोका मोठा.

या ठिसूळपणास दोन सोबती मिळतात. पहिला म्हणजे ताण. वितळलेला सांधा निवतांना आकसूं पाहतो. पण जाड पत्रे त्यास जखडून धरितात, त्यामुळें बाहेरचा भार नसतांहि आंत ओढाताण चालूच राहते. दुसरा सोबती म्हणजे उज्जवायू, अर्थात् हायड्रोजन. कांडीच्या लेपांत ओलावा असला, किंवा पत्र्यावर गंज, तेल वा दंव असलें, तर ज्योतींत त्याचें विघटन होऊन हा वायू वितळलेल्या धातूंत शिरतो. धातू निवतांच त्यास आंत पुरेशी जागा उरत नाहीं. त्याचे सूक्ष्म कण वाट काढीत त्या ठिसूळ पट्टींत जमतात आणि तीस भेग पाडितात. ही भेग कित्येकदां काम संपल्यावर बऱ्याच तासांनीं, क्वचित् दुसऱ्या दिवशीं पडते; आणि ती वरच्या बाजूस न येतां सांध्याखालीं दडून राहूं शकते. कारागीर समाधानानें घरीं गेल्यावर सांधा फाटावा, यासारखी फसवणूक दुसरी कोणती?

ही भीति केवळ पुस्तकी नव्हे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं यारा नदीवर किंग्ज ब्रिज नांवाचा पूल १९६१ च्या एप्रिल महिन्यांत खुला झाला. त्याच्या तुळयांसाठीं साध्या पोलादाऐवजीं अधिक बळकट पोलाद योजिलें होतें. तुळईच्या खालच्या भागास जोर यावा म्हणून तीस आणखी एक पट्टी जोडलेली होती. ता. १० जुलै १९६२ रोजीं, म्हणजे तिकडील ऐन हिवाळ्यांत, सुमारें ४५ टनांची एक गाडी पुलावरून चालली असतां एका गाळ्याच्या तुळया मोडून तो सुमारें ३० सेंटिमीटर खचला. गाडीचें वजन कांहीं पुलाच्या शक्तीबाहेरचें नव्हतें. सुदैवानें गाळ्याखालीं काँक्रीटच्या भिंती होत्या. त्यांनीं त्यास तोलून धरिलें व कोणाचा प्राण गेला नाहीं. पुढें सरकारी चौकशी मंडळानें शोध केला, तेव्हां त्या जोडपट्टीच्या टोंकांशीं जे आडवे सांधे होते, त्यांच्याखालीं मूळ पोलादांतच भेगा आढळल्या. कांहीं भेगा तर तुळया कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वींच पडल्या होत्या, आणि तपासणींत त्या निसटल्या होत्या. थंडींत पोलाद अधिक ठिसूळ होतें. त्या हिवाळी सकाळीं जुन्या भेगांनीं आपला डाव साधला.

मग उपाय कोणता? पहिला उपाय गणिताचा आहे. कर्बाच्या प्रमाणांत मँगनीजचा सहावा हिस्सा, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पांचवा हिस्सा, आणि निकेल व तांबें यांच्या बेरजेचा पंधरावा हिस्सा मिळवावा. समजा, कर्ब ०.१८, मँगनीज १.२० आणि क्रोमियम व मॉलिब्डेनम मिळून ०.५० आहे, तर ०.१८, ०.२० व ०.१० मिळून बेरीज ०.४८ येते. ही बेरीज सुमारें ०.४ च्या पुढें गेली, कीं सावधगिरी हवी असें समजावें. दुसरा उपाय, जोडण्यापूर्वीं पत्रा जाडीच्या मानानें १०० ते १५० अंशांपर्यंत तापविणें. त्यामुळें सांधा हळू निवतो व उज्जवायूस बाहेर पडण्यास अवधि मिळतो. मात्र उष्णता अति झाल्यास कारखान्यांत मोठ्या कष्टानें आणलेलें बळच नाहींसें होतें. तेव्हां दोन्हीकडून मर्यादा सांभाळावी लागते. तिसरा उपाय, कमी उज्जवायूच्या कांड्या भट्टींत सुमारें ३५० अंशांवर वाळवून गरम पेटींतूनच वापरणें. आमच्या कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत तर उघड्यावर पडलेली कांडी लवकरच ओल धरते. आणि शेवटचा उपाय धीराचा: सांधा पूर्ण झाल्यावर ४८ तास वाट पाहून मग चुंबकीय चूर्णानें किंवा कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं त्याची तपासणी करणें.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल, कीं पोलाद जों जों बळकट, तों तों तें हाताळणाराकडून अधिक विवेकाची अपेक्षा करितें. साधें पोलाद पुष्कळ चुका पोटांत घालतें. बळकट पोलाद फारशा क्षमा करीत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां अभियंते होतील, कांहीं स्वतः हातांत कांडी धरतील. त्यांनीं ओली कांडी बाजूस ठेवण्याचा कंटाळा करूं नये आणि तपासणीचे दोन दिवस वायां गेले असें मानूं नये. पुलावरून जाणाऱ्या लोकांस सांध्याच्या आंतलें कांहींच दिसत नसतें. तें पाहण्याचें काम त्यांनीं विश्वासानें दुसऱ्या कोणावर सोंपविलेलें असतें. तो विश्वास राखणें हेंच या विद्येचें खरें सार होय.