विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या आणि खनिज उत्खनन : एक पर्यावरणीय विचार

सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवरील विद्युत वाहन धूर सोडत नाही. मात्र त्याच्या बॅटरीचा पर्यावरणीय भार अन्यत्र पडलेला असतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीतील कोबाल्ट प्रामुख्याने काँगोच्या खाणींतून येते. लिथियमसाठी चिलीतील अटाकामा वाळवंटात भूगर्भातील खारे पाणी उपसून उन्हात आटविले जाते. बॅटरीसाठी खाण ही बाब महाराष्ट्रालाही नवी नाही. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरले गेले आहे.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत निकेल व कोबाल्ट नसल्याने त्या धातूंच्या उत्खननाची गरज टळते. परंतु हाच गुण पुढे अडचण ठरतो. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती परत येते; महाग धातू नसलेल्या बॅटरीच्या पुनर्चक्रीकरणात लाभ अल्प असतो. तिच्या संकलनासाठी केवळ बाजारावर विसंबता येत नाही.

‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ नुसार ही जबाबदारी उत्पादकावर आहे. तालुका पातळीवर संकलनाची सोय झाली, तरच हा नियम ग्राहकापर्यंत पोहोचेल. अन्यथा शहरातील स्वच्छ हवेचे मोल खाणीलगतची गावे आणि आपल्याच कचरा डेपोची जमीन चुकवीत राहील, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.