शंभर पानांचा स्वयंपाक

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे भरतात. पहाटे चारला घंटा, साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा-चुरमुरे. जेवण शाकाहारी, शुल्क काहीच नाही. याच पद्धतीची केंद्रे आता जगभर आहेत. त्यांपैकी अनेक ठिकाणी, विशेषतः परदेशात, रांधायला पगारी आचारी नसतो. पूर्वी किमान एक शिबिर पूर्ण केलेले साधकच सेवक म्हणून पातेल्यापाशी उभे राहतात. त्यांत बँकेतला कारकून असेल, निवृत्त शिक्षिका असेल. घरी चार माणसांचा स्वयंपाक सफाईने करणाऱ्यांवर इथे शंभर पानांची जबाबदारी येते.

मीठ कमी-जास्त झाले तर निभावते. अंदाज खरा चुकतो तो उष्णतेचा. पातेल्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की त्यात आठपट अन्न मावते, पण उष्णता बाहेर पडायला मिळणारा पृष्ठभाग फक्त चौपट होतो. त्यातून खिचडीसारखा घट्ट पदार्थ असेल तर थर दुप्पट जाड झाल्यावर तो निवायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. घरचे वरण तासाभरात कोमट होते. मोठ्या टोपातले वरण वरून निवलेले दिसले, तरी मध्यभागी कितीतरी तास ऊबदार राहते.

ही ऊबच घातक. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू वाढतात. शाकाहारी जेवण म्हणजे निर्धोक, ही समजूत इथे उपयोगाची नाही. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही वाचतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या उसळी-आमटीत ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’चीही तीच सोय होते.

सकाळी रांधून अकराला वाढणे ही पद्धत म्हणूनच चांगली. पेच येतो तो उरलेल्या अन्नाचा. संध्याकाळी पूर्ण जेवण नसते, मग दुपारच्या भाताला सकाळी फोडणी द्यावीशी वाटते. अन्न टाकू नये अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला, तेही दानाच्या पैशातून आलेले अन्न, कचऱ्यात घालणे जड जाते. ठेवायचेच असेल तर भात लगेच उथळ परातींत पसरावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. टोपासकट फ्रिजमध्ये ढकलणे म्हणजे फ्रिजलाही शिक्षा. दुपारभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा.

राजमा हे आणखी एक प्रकरण. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. तो रात्रभर भिजवावा, पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावा. भरलेला टोप मंद आचेवर ८० अंशांच्या आसपास रेंगाळला, तर कच्च्यापेक्षाही अधिक अपायकारक ठरू शकतो. दाणा मऊ लागला म्हणजे काम झाले, असे इथे धरता येत नाही.

रांधणारा माणूसही या साखळीत येतो. नोरोव्हायरस अगदी थोड्या विषाणूंनी पसरतो आणि हातावर सॅनिटायझर चोळून तो नीट जात नाही; साबण आणि पाणीच लागते. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्या व्यक्तीने स्वयंपाकघरात येऊ नये. हे सांगणे पगारी माणसापेक्षा सेवेला आलेल्याला अवघड, कारण तो दुखणे अंगावर काढून उभा राहतो. समोर जेवणारे मौनात असतात. त्रास सेवकांना सांगायची मुभा असते, तरी पहिले दोघे-तिघे ‘साधनेत असे होतच असेल’ म्हणून गप्प बसले, की पोट बिघडल्याचा सुगावा उशिरा लागतो.

सेवकांची तुकडी शिबिरागणिक बदलते, त्यामुळे अनुभव पुढे जायचा तो कागदावरूनच. पाककृतीत वजने हवीतच. त्याखाली रोज दोन ओळी हव्यात: किती किलो तांदूळ घेतला आणि किती भात उरला. चार शिबिरांच्या नोंदी हाताशी असल्या की पाचव्या वेळी तांदूळ मोजून घेता येतो आणि परातीत पसरायला फारसा भात उरत नाही.