आकुर्डी ते चाकण : विकेंद्रीकरणाची सहा दशके

आकुर्डी आज पुणे महानगराचा भाग आहे. साठ वर्षांपूर्वी मात्र ते मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी निवडलेल्या पट्ट्यातले एक खेडे होते. मुंबईत जागा, पाणी आणि लोकलगाड्या अपुऱ्या पडू लागल्यावर १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांचा एकत्रित विचार केला. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम याच विचारातून आला. कारखाने मात्र कायद्यासाठी थांबले नव्हते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्येच झाली होती. आकुर्डीत बजाज ऑटो १९६० च्या दशकाच्या आरंभी आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६६ मध्ये टेल्को या वाहन कंपनीने पुण्याच्या प्रकल्पाची उभारणी सुरू केली.

या पट्ट्याची निवड समजण्यासारखी होती. लोहमार्ग व महामार्ग शेजारून जात होते, पवनेचे पाणी जवळ होते, पुण्यात तंत्रशिक्षण घेतलेले तरुण होते आणि मुंबईचे बंदर एका दिवसाच्या वाहतुकीत येत होते. थोडक्यात, मागास भागाला आवश्यक असलेले काहीही येथे नव्याने उभारावे लागले नाही. विकेंद्रीकरणाचा हा पहिला प्रयोग यशस्वी ठरला तो यामुळेच, आणि त्याची मर्यादाही हीच.

आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, भोसरी ही गावे मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन आखीव पेठांसाठी भूसंपादन सुरू झाले. त्याच वर्षी आकुर्डीतून ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. शहराची लोकसंख्या १९७१ मध्ये एक लाखाच्या आत होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. कारखान्यांत येणाऱ्या मालावरच्या जकातीने तिजोरी इतकी भरली की ‘आशियातील सर्वांत श्रीमंत’ हे बिरुद महापालिकेला चिकटले. जकात शहरात जमा होत होती. कामगार मात्र साताऱ्याहून, सोलापूरहून, खानदेशातून आणि दर दुष्काळानंतर मराठवाड्यातून येत होते, आणि त्यांच्या मूळ गावाच्या रस्त्यासाठी या जकातीतून एक रुपयाही जात नव्हता. स्थानिक शेतकऱ्यांच्या वाट्याला आला तो साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न. प्राधिकरणासाठी सुरुवातीच्या काळात जमिनी दिलेल्यांना विकसित जमिनीचा हा हिस्सा मिळण्याची मागणी अनेक दशके रेंगाळली.

विरोधाभास असा की पिंपरी पट्टा भरत असतानाच, १९६४ मध्ये, शासनाने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना करसवलती देणे हे तिचे सूत्र. पुढे तालुक्यांची ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत वर्गवारी झाली. या धोरणाचे सर्वांत ठळक फळ म्हणजे वाळूज. बजाजने १९८५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ दुसरा कारखाना सुरू केला आणि त्यामागोमाग सुट्या भागांचे पुरवठादार गेले. औरंगाबाद शहर झपाट्याने वाढले, पण बीड आणि परभणीची मुले नोकरीसाठी निगडी-भोसरीच्याच गाड्या पकडत राहिली. सवलतीने कारखाना हलवता येतो. सिंचन, रस्ता आणि शिक्षण हलत नाही.

भागाभागांतले हे अंतर मोजण्याचे काम वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने केले. १९८३ मध्ये नेमलेल्या या समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. राज्याची सरासरी धरून, जिल्हा हा घटक मानून तिने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी क्षेत्रांतील तूट काढली. ती सुमारे ३,१८६ कोटी रुपयांची होती. ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर विधिमंडळात रोजचा झाला. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे आली आणि निधीवाटपाबाबत राज्यपाल निर्देश देऊ लागले. दांडेकरांची पद्धत पारदर्शक होती, पण जिल्ह्याच्या सरासरीआड तालुका लपतो हा तिचा दोष पुण्याइतका दुसरीकडे क्वचितच उघड होतो. आकुर्डी आणि भीमाशंकरच्या पायथ्याची महादेव कोळ्यांची गावे एकाच जिल्ह्याच्या आकड्यात बसतात.

चाकणने हा दोष आणखी गडद केला. खेड तालुक्यातील हे गाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने तेथे जकात नव्हती, जमीन मोकळी होती आणि पिंपरीचे पुरवठादार तासाभराच्या अंतरावर होते. बजाजचा कारखाना १९९० च्या दशकाअखेर आला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरी-चिंचवडहून येथे हलली. महिंद्रही पाठोपाठ आली. दरम्यान मोठ्या प्रकल्पांसाठीचे वेगळे धोरण आले होते. गुंतवणुकीचा आकडा पुरेसा मोठा असला की पुण्याजवळही सवलत मिळू लागली आणि १९६४ चे सूत्र व्यवहारात निकालात निघाले. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतील बजाजचे वाहन-उत्पादन थांबले. चाकण, वाळूज आणि केंद्राच्या करसवलतीमुळे उत्तराखंडातले पंतनगर, तिन्ही ठिकाणी गाडी स्वस्त पडत होती.

म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या चाकण परिसरातील गावांत रूपांतर जवळून दिसते. ज्याची जमीन गेली त्याने चाळी बांधून खोल्या भाड्याने दिल्या. कुणी टेंपो घेतला, कुणी कॅन्टीनचा, भंगाराचा किंवा लेबरचा ठेका मिळवला. कारखान्यात कायम नोकरी लागणे दुर्मिळ. महापालिकेच्या तोडीची लोकवस्ती ग्रामपंचायती सांभाळत राहिल्या, सांडपाण्याच्या नळ्या आणि कचरा उचलण्याची यंत्रणा मागून येत राहिली. चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये. तळेगाव चौकातली ट्रकांची रांग हा या नियोजनशून्यतेचा रोजचा पुरावा.

शहर आणि गावे यांच्यातला तणाव पाण्यावरून रक्तापर्यंत गेला. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद नळाने पाणी नेण्याच्या महापालिकेच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीपात्रातून वाहणाऱ्या पाण्यावर त्यांची शेती उभी होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या पोलिस गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले आणि योजनेला स्थगिती मिळाली. ती उठायला बारा वर्षे लागली.

योजनाकारांनी दिशा बदलण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. पाणीटंचाईचे आणि डोंगरी तालुके वेगळे धरून विचार करण्याचा तिचा रोख होता. अहवाल २०१४ अखेर विधिमंडळात आला आणि तेथेच थबकला. जिल्ह्यांमधली दरी मात्र मोठी होती: राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात पुणे जिल्ह्याचा निर्देशांक ०.८१४ आणि नंदुरबारचा ०.६०४ होता. पुणे प्रदेशासाठी २०१५ मध्ये ‘पीएमआरडीए’ ही महानगर विकास यंत्रणा आली, २०२१ मध्ये नवनगर प्राधिकरण तिच्यात विलीन झाले आणि तिचे कार्यालय आकुर्डीला आले. तिने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये शासनाने रद्द केला.

तीन विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला आणि प्रस्ताव केंद्राकडे गेला. मंडळे परत आली तरी अनुशेष जिल्ह्याऐवजी तालुकावार मोजला जाणार नसेल, तर डोंगरी तालुके आकुर्डी-चाकणच्याच आकड्याखाली झाकलेले राहतील.