खोली बांधण्याआधी किरायाचा हिशेब



गटाच्या बैठकीत कर्ज मागताना हल्ली एक कारण पुष्कळदा येतं. घरामागे जागा आहे, एक खोली काढते आणि किरायाने देते. विचार चांगला आहे. पण आपल्याकडे किराया येतो कुठून, हे आधी समजून घेऊ.

खापरखेड्यात खोल्यांना मागणी आहे ती वीज केंद्रामुळे. पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला, ५०० मेगावॅटचा पाचवा २०११ मध्ये. आज एकूण क्षमता १३४० मेगावॅट आहे. शेजारी वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. कायम नोकरीवाल्यांसाठी वसाहतीत क्वार्टर असतात. किरायाची खोली लागते ती जास्त करून कंत्राटी कामगाराला. संचाच्या मोठ्या दुरुस्तीचं काम निघालं की बाहेरगावचे फिटर, वेल्डर, हेल्पर येतात आणि खोल्या भरतात. काम संपलं की ते जातात. म्हणून खोली बाराही महिने भरलेली राहील, असं धरू नका.

आता हिशेब करू. समजा, किराया महिन्याला २५०० रुपये. वर्षातले नऊ महिनेच खोली भरली, तर आले २२,५०० रुपये. घरटॅक्स, रंगरंगोटी, नळ-वायरिंगची दुरुस्ती यांचे ३५०० काढा. उरले १९,०००, म्हणजे महिन्याला साधारण १५८० रुपये. शेकडा एक रुपया महिना व्याजाने पाच वर्षांसाठी ७०,००० रुपये घेतले, तर हप्ता सुमारे १५६० रुपये बसतो. म्हणजे ही खोली ७० हजारांचंच कर्ज फेडू शकते. दीड लाख उचलले, तर हप्ता ३३०० च्या वर जाईल. वरचे पैसे मग मजुरीतून किंवा मुलांच्या फीमधून काढावे लागतील. खर्च जास्त असेल तर आधी बचत वाढवा, कर्ज नंतर.

दुसरी गोष्ट नावाची. कर्ज बाईच्या नावावर, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, असं होऊ देऊ नका. हप्ता तुम्ही भराल आणि किराया दुसऱ्याच्या हाती जाईल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय आपल्या राज्यात २००३ मध्येच झाला आहे. खोली बांधण्याआधी दोघांनी मिळून अर्ज द्या.

तिसरी गोष्ट कागदाची. किरायेदार ओळखीचा असला तरी अकरा महिन्यांचा करार करा. हा करार ऑनलाइन नोंदवता येतो. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळं. किराया किती, डिपॉझिट किती, लाइटबिल कोण भरणार, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे त्यात लिहा. किरायेदाराच्या आधार कार्डाची प्रत ठेवा आणि पोलीस ठाण्यात माहिती द्या.

आपल्या गटांत स्वतः किरायाने राहणाऱ्या ताईही आहेत. त्यांनी दर महिन्याची पावती मागून घ्यावी. डिपॉझिट रोख दिलं असेल, तर त्याचीही पावती घ्यावी. घरमालकीण गटातलीच असली तरी पावती मागायला लाजू नये. लिहिलेलं असलं की नंतर भांडण होत नाही.

पुढच्या बैठकीत कुणी खोलीसाठी कर्ज मागितलं, तर कर्ज मंजूर करण्याआधी तीन प्रश्न विचारा : किती महिने खोली रिकामी राहिली तरी हप्ता भरता येईल? घर कुणाच्या नावावर आहे? करार कोण लिहिणार? उत्तरं मिळाली की मगच ठराव घ्या.