पूर्वेकडील मैत्रीची कसोटी

स्वातंत्र्याला अजून काही महिने अवकाश असताना, मार्च १९४७ मध्ये, दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली. १९५५ मध्ये बांडुंग येथे तीच आकांक्षा अधिक मोठ्या स्वरात उच्चारली गेली. पुढे या दिशेकडील आपले लक्ष मंदावले. नरसिंह राव यांच्या कारकिर्दीत आपण पुन्हा पूर्वेकडे पाहू लागलो आणि २०१४ मध्ये ‘पाहण्या’ची जागा ‘कृती’ने घेतली. निदान शब्दांत तरी घेतली!

मणिपुरातील मोरेहून म्यानमारमार्गे थायलंडला जाणारा सुमारे १३६० किलोमीटरचा महामार्ग २००२ साली योजिला गेला. तो अद्याप अपुराच आहे. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावाने अडचणी वाढविल्या हे खरे. परंतु त्यापूर्वीची एकोणीस वर्षे कोणाच्या खाती मांडावयाची?

मनात आणले तर काय साधते, याचेही उदाहरण आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा करार फिलिपाइन्सशी जानेवारी २०२२ मध्ये झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप तेथे पोहोचलीही. शस्त्रांच्या बाबतीत दिसलेली ही तत्परता रस्ते आणि रुग्णालये यांच्या वाट्याला का येऊ नये?

मे २०२३ मध्ये पोर्ट मोर्सबी येथे प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रांच्या नेत्यांसमोर आपण फिजीत हृदयरोग रुग्णालय उभारण्याचे वचन दिले. लहान राष्ट्रे मोठ्यांची भाषणे विसरतात, वचने विसरत नाहीत. परराष्ट्र खात्याने नव्या घोषणेपूर्वी जुन्या वचनांची यादी पुढे घ्यावी, हेच आमचे सांगणे आहे.