गरोदरपणातील धाप अंगावर काढू नका



सोयाबीनची कापणी संपते न संपते तोच गव्हाच्या पेरणीची धांदल सुरू होते. अशा वेळी घरातील गरोदर सून ‘धाप लागते’ म्हणाली, तर आपण म्हणतो, ‘दिवस गेलेत, असे व्हायचेच!’ बहुधा ते खरेही असते. पण क्वचित त्यामागे हृदयाचा रोग दडलेला असतो.

हृदयातच गाठ उत्पन्न होणे फार दुर्मीळ. अशा चार गाठींपैकी सुमारे तीन साध्या असतात. उरलेल्या कर्करोगाच्या, बहुतेक सार्कोमा जातीच्या असतात. त्या झपाट्याने वाढून रक्ताची वाट अडवतात. गरोदरपणात शरीरातील रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे हृदयावरचा भारही वाढतो. धाप, थकवा, पायांवर सूज ही लक्षणे दोन्हींकडे सारखीच, म्हणून रोग उशिरा कळतो. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडणे हे तर आपल्याकडे कितीतरी अधिक आढळते.

आडवे पडताच धाप लागणे, रात्री गुदमरून जाग येणे, भोवळ, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणानंतरही हे लक्षात ठेवावे. इको तपासणी ध्वनिलहरींनी होते, तिच्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे बाळाला अपाय होत नाही. गाठ निघालीच तर हृदयाचे, कर्करोगाचे व प्रसूतीचे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात.

आपल्या कित्येक भगिनी त्याग म्हणून दुखणे लपवतात. संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला यांची आठवण करू या. त्या स्वतः डॉक्टर होत्या. 1961 साली गरोदर असताना त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. त्यांनी ती लपवली नाही; बाळ वाचेल अशी शस्त्रक्रिया करून घेतली. एप्रिल 1962 मध्ये मुलगी जन्मली आणि आठवड्याभरात प्रसूतीनंतरच्या संसर्गाने त्या देवाघरी गेल्या. 2004 मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्याग म्हणजे आजार झाकणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. सोनागिरीतील व आसपासच्या गावांतील कुटुंबांनी ती चुकवू नये. पवित्र मारिया एलिझाबेथच्या मदतीला धावून गेली, तसे आपणही शेजारणीचे चार दिवसांचे काम वाटून घेऊ आणि तिला दवाखान्यात पाठवू.