कान दोन, मग स्पीकर सहा कशाला?

आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधलेला असतो. तरी कुणी "मी इथंय!" म्हणून ओरडलं, की आपण नेमके त्याच बाजूला झेपावतो. डोळे बंद, तरी दिशा कळली! कशी बरं?

घरी कॉम्प्युटरला नवे स्पीकर घ्यायचं चाललं असेल, तर हा प्रश्न फार कामाचा आहे. दुकानात २.०, २.१, ५.१, ७.१ असे आकडे छापलेले खोके रांगेनं मांडलेले असतात. ५.१ म्हणजे सहा स्पीकर, ७.१ म्हणजे आठ. आणि आपल्याला कान दोनच! मग एवढे स्पीकर हवेत कशाला? दुकानात जाऊच, पण आधी कानात डोकावू.

कानांचा हिशेब

समजा, तुमच्या अगदी डाव्या बाजूला कुणी टाळी वाजवली. आवाज डाव्या कानात आधी शिरतो. उजव्या कानाकडे जाताना त्याला डोक्याला वळसा घालावा लागतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, त्यामुळे या वीस-बावीस सेंटिमीटरच्या जादा वाटेला त्याला सेकंदाचा साधारण दीड हजारावा भाग लागतो. एवढासा उशीर, पण मेंदू तो टिपतो आणि सांगतो, "डावीकडे बघ!" आसपास शांतता असेल, तर सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकसुद्धा त्याला पकडता येतो.

दुसरी खूण आवाजाच्या जोराची. शिट्टीसारखा बारीक आवाज डोक्याला अडतो आणि पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो. ढोलासारखा जाड आवाज मात्र डोक्याला सहज वळसा घालून जातो. या दोन खुणांची सांगड लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये घालून दाखवली.

पण आवाज बरोबर समोरून किंवा बरोबर पाठीमागून आला तर? दोन्ही कानांना तो एकाच वेळी, सारख्याच जोरानं ऐकू येणार. इथं कामाला येतात कानाच्या पाळीवरच्या त्या वेड्यावाकड्या घड्या. समोरचा, मागचा, वरचा आवाज या घड्यांवर वेगवेगळा आपटतो आणि किंचित बदलून आत जातो. मेंदू लहानपणापासून हे बदल शिकत आलेला असतो. गव्हाणी घुबडाची तर कमालच आहे! त्याच्या एका कानाचं भोक दुसऱ्यापेक्षा वर असतं. त्यामुळे उंदीर किती खाली आहे, हे त्याला मिट्ट काळोखात नुसत्या खुडबुडीवरून कळतं.

करून पाहा

मित्राला खुर्चीवर बसवा, डोळे मिटायला सांगा. डोकं अजिबात हलवायचं नाही. आता किल्ल्यांचा जुडगा कधी त्याच्या नाकासमोर, कधी बरोबर डोक्याच्या मागे, कधी टाळूच्या वर हळूच वाजवा आणि दिशा विचारा. मधूनमधून तो हमखास चुकेल. मग डोकं हलवायची परवानगी द्या. मान जराशी वळली, की दोन कानांमध्ये फरक पडतो आणि उत्तरं लगेच सुधारतात.

मधे कुणीच नाही, तरी आवाज!

आता साधे दोन स्पीकर घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांतून एकाच वेळी, सारख्याच जोरानं एकच आवाज सोडला, तर तो कुठून येतोय असं वाटतं? मधून! जिथं स्पीकरच नाही तिथून गायिका गाऊ लागते. दोन्ही कानांना सारखंच ऐकू आलं, म्हणून मेंदूनं तिला समोर उभी केली.

ही किमया नीट ओळखली ॲलन ब्लमलाइन या इंग्लंडमधल्या इंजिनिअरनं. सांगतात, की तो होणाऱ्या पत्नीबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावरचा नट या टोकाहून त्या टोकाला चालत गेला, पण त्याचा आवाज एकाच जागी राहिला. हे त्याला खटकलं. डिसेंबर १९३१ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यानं आजच्या स्टिरिओ आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९४० मध्ये वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया' या सिनेमासाठी थिएटरात प्रेक्षकांच्या भोवतीसुद्धा स्पीकर लावले गेले, आणि आवाज पडदा सोडून बाहेर आला.

घरी मात्र ही जादू एका अटीवर चालते. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरमध्ये एक मीटर अंतर असेल, तर तुम्हीही प्रत्येकापासून एक मीटरवर बसायचं. खुर्ची डावीकडे सरकवून बघा. मधली गायिका लगेच डाव्या स्पीकरात जाऊन बसते!

मग पाच कशाला, आणि तो 'पॉइंट वन' काय?

दोन स्पीकर समोरची सगळी जागा आवाजानं भरू शकतात. पण मागून येणारी पावलं किंवा डोक्याच्या बाजूनं सूं करत गेलेलं विमान त्यांना नीट जमत नाही. म्हणून ५.१ मध्ये समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर असतात, आणि कानांच्या बाजूला, जरासे मागे, आणखी दोन. नाक समोर धरून कोनमापक लावला, तर पुढचे दोघे ३० अंशांवर आणि मागचे दोघे १०० ते १२० अंशांच्या मधे येतात. म्हणजे 'मागचे' स्पीकर थेट पाठीशी ठेवायचेच नसतात!

उरला सबवूफर, तोच 'पॉइंट वन'. आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आवाज ऐकू येतात. सबवूफरसाठी सिनेमात जो वेगळा आवाज भरलेला असतो, तो मात्र साधारण १२० हर्ट्झच्या खालचाच, म्हणजे स्फोटांचा आणि गडगडाटाचा. एवढ्याशा पट्ट्याला पूर्ण 'एक' कसं म्हणायचं? म्हणून 'पॉइंट वन'. ६० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी जवळजवळ पावणेसहा मीटर! तिच्यापुढे आपलं डोकं ते केवढं? दोन्ही कानांना ती जवळपास सारखीच ऐकू येते, त्यामुळे दिशा कळत नाही. म्हणून सबवूफर टेबलाखाली ठेवलेला चालतो. फक्त भिंतीच्या कोपऱ्यात सारू नका, तिथं तो फार घुमतो.

पिन हातात घ्या

आता दुकानदारही क्वचित सांगतो अशी गोष्ट. स्पीकरची नेहमीची साडेतीन मिलिमीटरची पिन हातात घ्या आणि नीट बघा. तिच्यावर दोन बारीक पट्टे असतात, त्यांनी पिनेचे तीन भाग होतात. टोकातून डावा आवाज जातो, मधल्या कड्यातून उजवा, आणि उरलेला भाग दोघांचा परतीचा रस्ता. म्हणजे एका पिनेत आवाज दोनच! मग ५.१ च्या सहा आवाजांना पिना किती लागतील? बरोबर, तीन.

म्हणूनच पुष्कळ डेस्कटॉपच्या पाठीमागे रंगीत भोकं असतात. हिरवं पुढच्या दोघांसाठी, काळं मागच्या दोघांसाठी, नारिंगी मधला आणि सबवूफर यांच्यासाठी. लॅपटॉपला बहुधा हेडफोनचं एकच भोक असतं. तिथं सहा स्पीकरचा संच जोडला, तर सगळे मिळून तेच दोन आवाज पुन्हापुन्हा ऐकवणार! अशा वेळी यूएसबीचं साउंड कार्ड किंवा एचडीएमआयची वाट शोधावी लागते.

आणि आवाज मुळात किती भागांत भरलेला आहे? बहुतेक गाणी दोनच भागांत असतात. पुष्कळ सिनेमे ५.१ मध्ये मिळतात. गेममध्ये तर कॉम्प्युटर त्या क्षणी गणित करून ठरवतो, की पाऊल मागे वाजलं की बाजूला.

दुकानात जाण्याआधी

टेप घ्या. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, जराशी मागे, स्पीकर ठेवण्याइतकी जागा आहे का ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकत असेल, किंवा घरात जास्त करून गाणीच लागत असतील, तर चांगले दोन स्पीकर आणि सबवूफर, म्हणजे २.१, कमी दर्जाच्या सहांपेक्षा उत्तम. जागा आहे, गेम आणि सिनेमेही होतात, कॉम्प्युटरला ती तीन रंगीत भोकं आहेत, तर ५.१ जरूर घ्या. ७.१ ला मोठी खोली हवी.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'पीएमपीओ' वॉट छापलेले असतील, तर ते सोडून 'आरएमएस' वॉट विचारा. तोच आकडा सतत मिळणाऱ्या ताकदीचा. तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. त्यासाठी जवळजवळ दहापट वॉट लागतात! जवळ बसणाऱ्याला थोडे वॉट पुरतात, आणि कान जपायचे तर आवाज बेतानंच ठेवायचा.

शेवटी दुकानदाराला ओळखीचं एखादं गाणं लावायला सांगा. दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा आणि डोळे मिटा. गाणारी व्यक्ती मधोमध, स्पष्ट उभी राहिली, तर घरच्यांना खुशाल सांगा, "हेच घेऊया!"